हसरा शॉट

"मिष्का मरणार नाहीये," गार्गी मॅडम म्हणाली. "चॅनलचा निर्णय आहे."

मिष्का म्हणजे मी. सिरीयलमधलं नाव. तेव्हा मी गुऱ्हाळाच्या ओट्यावर गळ्याला खोटं रक्त लावून बसलो होतो. ते वाळून खाजत होतं, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली शहाणी माणसं माझ्या जगण्यामरण्याचं ठरवत होती. मला कुणी विचारत नव्हतं.

आमच्या कोल्हापूरकडं पोरीपण 'आलो, गेलो'च म्हणतात. चॅनलकडनं आलेल्या ह्या मॅडमला ते फार गोड वाटायचं. प्रत्येक वेळी हसायची आणि डायलॉग आला की 'आले, गेले' करायला लावायची.

"मरणार नाही म्हणजे?" मी विचारलं.

"कोमा. पहिल्याच एपिसोडला तू गेलीस तर ऑडियन्स कनेक्ट कुणाशी होणार? तू हॉस्पिटलमध्ये. नळ्या वगैरे. एकेक फ्रेंड येऊन तुझ्याजवळ मन मोकळं करतो. खूप रिलेटेबल आहे."

"मग गोणपाट्या काय करतो? कोयता मारतो आणि दवाखान्यात ॲडमिट करून जातो?"

लायटिंगवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनं तिकडं बघितलं, तो केबल गुंडाळायला लागला. डायरेक्टर सौमित्र देवस्थळी स्वतःच्या बुटांकडं बघत होता. तो नेहमी असाच, भांडण सुरू झालं की बूट बघायचा. बूटपण असे, की चिखलात न्यायची त्यालाच भीती.

"मला मरायचंय," मी म्हणालो. "तेवढ्यासाठीच आलोय. मरायचं नसलं तर मी घरी चाललो."

तुम्हाला वाटेल पोरगी येडी आहे. सगळे जगायला धडपडतात. त्या सिरीयलमधली बाकीची पोरं रोज सौमित्रच्या मागं लागायची, सर माझा ट्रॅक वाढवा, सर मला सातव्या एपिसोडला मारू नका. मला मात्र तो एक सीन पाहिजे होता. पहिला खून. बाकी सिरीयल गेली उडत.

ते कळायला आधी 'गोणपाट' माहिती पाहिजे.

'गोणपाट' हा आमच्याकडचा जुना पिक्चर. अठ्ठ्याऐंशी सालचा. कॉलेजची पोरं गुऱ्हाळावर सहलीला येतात, आणि उसात एक माणूस असतो. तोंडाला गोणपाट बांधलेलं, डोळ्याजागी दोन भोकं, हातात ऊसतोडीचा कोयता. एकेकाला घेतो. एकाला तर काहिलीत, उकळत्या रसात. पुण्या-मुंबईत कुणाला नावपण माहीत नव्हतं, पण आमच्याकडं गणपतीत चौकात पडदा बांधून लावायचे, वऱ्हाडाच्या व्हिडिओ बसमध्ये लावायचे. आमच्याकडची पोरं त्या पिक्चरनंतर उसात मुतायला एकटी जात नव्हती.

त्यात पहिला खून सगळ्यात गाजलेला. तोपण भर दुपारी, लख्ख उन्हात. मंदा नावाची पोरगी उसाच्या कडेनं चाललीय. मागं पाचटाच्या वाळक्या पाल्यात सळसळ होते. तिला वाटतं मैत्रीण लपलीय. ती वळते आणि हसते. आणि ते हसू असं आहे की बघणाऱ्यालापण हसू येतं, गाल वर जातात, आणि तेवढ्यात ते मधूनच तुटतं. कोयता दिसतपण नाही. नुसतं हसू बंद होतं.

ती मंदा म्हणजे माझी आई.

पिक्चरच्या नावांच्या पाट्यांमध्ये तिचं नाव नाही. मारलेल्या सगळ्या पोरापोरींचं मिळून 'आणि इतर' असं लिहिलंय.

मोबाईल आले तसं ते हसू मोबाईलमध्ये आलं. हसू, मग कचकन शांतता, मग किंकाळी. रिंगटोन. यात्रेत वाजायचा, तालमीत वाजायचा, एसटी स्टँडवर वाजायचा. आमच्या वर्गात सुहास मगदूमनं मुद्दाम ठेवलेला. मी शेजारून गेलो की मित्राला फोन करायला लावायचा. नववीत एकदा मधल्या वेळेत त्यानं तो वाजवला आणि सोबत आईची नक्कल करून मान टाकली. मी त्याचा फोन पाण्याच्या टाकीत टाकला आणि त्याचं नाक फोडलं. हेडसर म्हणाले माफी माग. मी दप्तर उचललं आणि आलो. परत गेलो नाही. लोक म्हणतात शिक्षण अर्धवट सोडलं. मी अर्धवट काहीच सोडलं नव्हतं, नाक नीट फोडलं होतं.

आणि आई घरी हसायचीच नाही. चेष्टा झाली की पदर तोंडाला, खांदे हलायचे, आवाज नाही. आमची पिठाची गिरण आहे. बाबा ट्रकवर, म्हणून गिरण आईच चालवते. पट्टा सुरू झाला की आत ओरडलेलंपण ऐकू येत नाही, आणि मला वाटायचं तिनं तेवढ्यासाठीच हा धंदा घेतलाय. आईचं हसू मी फक्त दुसऱ्याच्या खिशातून ऐकलेलं.

मग सौमित्र आला. पुण्याचा. त्यानं 'गोणपाट'वर कुठंतरी भलामोठा लेख लिहिलेला, आणि चॅनलनं त्याला सांगितलेलं की हा पिक्चर घेऊन टीनएजर पोरांसाठी सिरीयल कर. आमच्या गिरणीत येऊन पीठ उडत असताना तो म्हणाला, "मॅम, तुम्ही भारतीय भयपटातलं सगळ्यात निरागस हास्य आहात." आईनं पट्टा सुरू केला. तो अर्धा तास ओठ हलवत उभा होता. शेवटी मी त्याला बाहेर नेलं आणि म्हणालो, तो सीन मी करतो. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं, हाताची चौकट करून त्यातून बघितलं, आणि म्हणाला तुझ्यात राग आहे, छान आहे. राग होताच. त्याच्याबद्दलच होता.

मी सोळा वर्षांची, त्यामुळं आईची सही लागत होती. मला वाटलं फाडून टाकेल. तिनं हात पुसले, सही केली आणि एवढंच म्हणाली, "मर. पण हसू नको."

का, ते सांगितलं नाही. मीपण विचारलं नाही, कारण मला हसायचंच होतं. माझा सरळ हिशोब होता. नवीन सिरीयल आली की लोक माझं हसू मोबाईलमध्ये घेतील, जुनं पुसतील. माझं वाजलेलं मला चालणार होतं. मी नाकं फोडू शकतो.

पण ही माणसं. देवा.

सिरीयलचा मुख्य जाहिरातदार गूळ पावडरवाला होता. त्यानं सांगितलं गुळाजवळ रक्त नको. म्हणजे गुऱ्हाळावरच्या सिरीयलमध्ये गुऱ्हाळात खून नाही. काहिलीत पडणारा पोरगा आता काहिलीजवळ बसून बापाशी फोनवर भांडतो, एवढंच. गोणपाट खरं आणलेलं, आमच्याच बाजारातनं, पण गोणपाट्या झालेल्या पोराच्या गालाला पुरळ आलं, म्हणून मुंबईहून लिननचं शिवून आणलं आणि त्याला चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं. सिरीयलमधल्या गोणपाट्याला लहानपणी शाळेत चिडवायचे म्हणून तो असा झाला, असं मॅडमनं नवीन घातलेलं. मला वाटलं, चिडवल्यावर माणूस कोयता घेत असेल तर मी एव्हाना गाव रिकामं केलं असतं.

आणि सौमित्रचा थेंब.

पिक्चरमध्ये मंदा हसते तेव्हा तिच्या डाव्या कानाखाली रक्ताचा एक बारीक थेंब आहे. खुनाच्या आधी. मी लहानपणीच बघितलेला, पडद्याच्या पुढ्यात बसून, आणि वाटलेलं की चूक झालीय, कुणाच्या लक्षात आलं नसेल. सौमित्रच्या लक्षात आलेला. पण त्याच्या लेखात तो थेंब म्हणजे नियती होती. मृत्यूनं आधीच तिच्या कानात सांगितलंय, ती हसते कारण तिच्या शरीराला माहितीय, असलं कायबाय. त्या थेंबावर त्यानं दोन पानं खर्च केलेली. आमच्या सिरीयलमध्येपण तो थेंब असणार होता, तस्साच, डाव्या कानाखाली. मेकअपवालीला तो स्वतः ब्रश घेऊन दाखवायचा. देवाला गंध लावल्यासारखा.

तर कोमा.

मी खरंच उठून चालायला लागलो तेव्हा सौमित्र मागून आला. हळूच म्हणाला, "शरयू, ऐक. आपण मरण्याचा सीन शूट करू. मी चॅनलशी भांडेन. पण मला ते हसू दे. आईसारखं. ते हसू मिळालं तर त्यांना तुला मारावंच लागेल."

"आणि न्हाई मिळालं तर?"

"मग कोमा."

म्हणजे हसलो तर मरणार, नाही हसलो तर नळ्या. मी परत येऊन ओट्यावर बसलो.

तेवढ्यात आई आली. सोमवार होता, आमच्याकडं सोमवारी लाईट बंद, गिरण बंद. हातात डबा, भुवयांवर पीठ. गुऱ्हाळाच्या दारात थांबली आणि काहिलीकडं, उसाकडं, उन्हाकडं असं बघितलं की माझ्या लक्षात आलं, हेच ते गुऱ्हाळ. पिक्चरचं शूटिंगपण इथंच झालेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतनं बापू इंगवले उठले. हे म्हणजे जुने गोणपाट्या. आता पंच्याहत्तरीचे, कानाला मशीन, सिरीयलमध्ये सरपंच केलेलं. दोन डायलॉग होते आणि दोन्ही विसरायचे. त्यांनी आईला हात जोडले.

"ओळखलास का, नलू?"

"तोंड बघितलं कुठं हुतं तुमचं," आई म्हणाली. बापू खूश होऊन हसत बसले.

सौमित्र धावत आला. त्याला अजून एक संधी मिळाली होती. म्हणाला मॅम, फक्त एक प्रश्न, त्या थेंबाबद्दल, तो डायरेक्टरनं सांगितलेला की तुमची कल्पना होती. आई म्हणाली कुठला थेंब. त्यानं टॅबलेट काढून सीन लावला. आईनं पडद्याकडं बघितलंच नाही. पण आवाज आला. ते हसू त्या गुऱ्हाळात, त्याच भिंतींवर आपटून आलं. आईनं डबा माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली.

मी मागं गेलो. ती रस काढून उरलेल्या चिपाडाच्या ढिगाआड सावलीला बसली होती. डबा उघडला, भाकरी काढली, माझ्यापुढं ठेवली.

"हसणार हायस?"

"हसल्याबिगर मारत न्हाईत."

तिनं चिपाडातलं एक काडूक मोडलं. मग बोलायला लागली, आणि गिरण बंद असताना एवढं बोललेलं मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी तिला हसायलाच येत नव्हतं. एवढी माणसं, एवढं मोठं यंत्र, अठरा वर्षांची पोरगी. डायरेक्टर ओरडत होता, रीळ संपत आलेलं. शेवटी म्हणाला हसू नको, नुसती वळ आणि मर. ती वळली, मेली. झालं काम.

"मग बापूसाहेब म्हणाले, पोरीचा हसरा शॉट घ्या. आमच्या युनिटात रीत हुती. कॅमेऱ्याम्होरं जो मरंल त्याला उठवायचं, तोंड पुसायचं, आन त्यानं कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. मग आपलं खरं नाव सांगायचं. म्हंजे मेलं ते पिक्चरमधलं, ह्ये जित्तं हाय. ती रिळाची पट्टी पिक्चरात लावायची नसती. कापून पंचगंगेत सोडायची."

"मग?"

"मला मरून उठल्यावर एवढं बरं वाटलं, शरू. काम झालतं. कुणी वरडत नव्हतं. मला माझ्या आईला सांगायचं हुतं घरी जाऊन. मी हसलो. पोट धरून हसलो. आन नाव सांगितलं. मी नलिनी, म्हटलं." तिनं स्वतःच्या डाव्या कानाखाली बोट फिरवलं. "घाईत कान पुसायचा राहिला हुता."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"टॉकीजमदी सगळं गाव घेऊन गेलो बघायला. बघतो तर मी आधी हसतोय आन मग मरतोय. त्या मेल्या डायरेक्टरनं तीच पट्टी आणून म्होरं लावली. नाव कापलं, हसू ठेवलं."

"म्हणून तू हसत न्हाईस?"

"हसाय गेलो की वाटतं, त्येंचंच वाजाय लागलंय."

मग तिनं मला वाढल्यासारखं अजून एक भाकरी पुढं केली आणि म्हणाली, तुझं तू बघ, मी काय अडवत न्हाई.

मी आत गेलो. डोकं एवढं तापलेलं की कुणाचंतरी नाक पाहिजेच होतं. पण कुणाचं फोडणार? तो जुना डायरेक्टर मेलेला. बापू बहिरे. आणि सौमित्र हातात ब्रश घेऊन उभा होता, माझ्या कानाखाली नियती लावायला.

त्यानं थेंब लावला. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. परत आला आणि थेंब जरा खाली ओढला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, खरंच. पुसायच्या राहिलेल्या कानासाठी.

पहिला टेक. मी उसाच्या कडेनं चाललो, पाचट वाजलं, मी वळलो. हसलो नाही. लिननवाला आला, कोयता फिरला, मी पडलो. सौमित्र म्हणाला सुंदर, पण हसू. दुसरा टेक. वळलो, हसलो नाही, मेलो. तिसरा. त्यानं मला जोक सांगितला. पुण्याचा जोक. मी अजूनच हसलो नाही. मॅडम घड्याळ बघत होती. म्हणाली सौमित्र, जाऊ दे, कोमाच बरा, मी चॅनलला कळवते. तो म्हणाला एक शेवटचा. मी शेवटचापण तसाच मेलो, पाचटात तोंड खुपसून, आणि पडल्या पडल्या विचार करत होतो.

तेवढ्यात बापू त्यांच्या खुर्चीतनं मोठ्यानं बोलले. बहिरी माणसं बोलतात तसं.

"पोरीचा हसरा शॉट घेतला न्हाईसा."

सौमित्रला काय ते माहीत नव्हतं. बापूंनी सगळी रीत सांगितली, हसू, नाव, पंचगंगा. मॅडम म्हणाली ओ माय गॉड किती क्यूट, आपल्या इन्स्टाला घेऊ. मी पाचटातनं मान वर करून सौमित्रचं तोंड बघत होतो. त्याचं तोंड आधी मऊ झालं, मग हळूहळू त्यात काहीतरी पेटलं. तो कॅमेरावाल्याच्या कानाजवळ गेला. मला ऐकू आलं नाही, पण बोटं दिसली, कॅमेरा तिथंच राहू दे. मेकअपवाली ओला रुमाल घेऊन माझ्याकडं यायला लागली.

"चेहरा पूस," तो म्हणाला. "कान राहू दे."

कान राहू दे.

त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'गोणपाट'वर पानंच्या पानं लिहून त्याला जे कळलं नव्हतं ते त्याच्या हातानं आपोआप केलं. आणि तो स्वतःला त्या जुन्या डायरेक्टरचा भक्त समजायचा. बरोबरच होतं म्हणा.

मी उठून बसलो. आई गुऱ्हाळाच्या दारात डब्याचं झाकण लावत उभी होती. तिनं पण ऐकलं असणार, कारण तिचा हात झाकणावरच थांबला.

"शरयू," सौमित्र एकदम गोड आवाजात म्हणाला, "काही अभिनय नाही करायचा. झालं सगळं. फक्त इथं बघ आणि हस. मग तुझं नाव सांग. सावकाश. आधी हस, मग थांब, मग नाव."

आधी हस, मग थांब, मग नाव. म्हणजे कापायला जागा.

मी कॅमेऱ्यात बघितलं. आणि मला हसू आलं. ठरवून नाही. मला कोमा आठवला. नळ्या लावलेल्या मिष्काला दोस्त मन मोकळं करतायत. चहात बुडवलेलं गोणपाट आठवलं. गुळाजवळ रक्त नको. ती दोन पानांची नियती. ही सगळी इस्त्रीची माणसं, उन्हात घामाघूम होऊन, एका न पुसलेल्या कानासमोर श्वास धरून उभी. माझ्या पोटातनं असं काही वर आलं की मला थांबवता येईना. आणि थांबायचं नव्हतंच. हसू सुरू झालं तसं मी त्याच्या आत नाव घातलं. हसण्याच्या मध्ये 'मी', त्यावर हसू, हसू संपायच्या आत 'नलिनी', आणि नावाच्या शेवटच्या टोकावर परत हसू. कुठंच दम घेतला नाही. कुठं कात्री लावायची ते कुणाला सापडू नये असं. परत एकदा, सलग. हसण्यातनं नाव काढाल तर हसू फाटेल.

आवाज घेणाऱ्या माणसानं हेडफोन काढले आणि माझ्याकडं बघितलं.

दारात आई नव्हती. ती पलीकडं गेलेली, नुसती पाठ दिसली, उसाच्या बाजूला तोंड करून.

"पोरी," बापू म्हणाले, "आपलं नाव सांगायचं असतंय. ते तुझ्या आईचं."

"माझं अजून कुणी कापलेलं न्हाई," मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. त्यांनी कानाच्या मशीनला हात लावला आणि मान खाली घातली.

सौमित्र मात्र हवेत होता. म्हणाला हेच, हेच ते, एक बारीकसा शब्द आलाय मध्ये पण तो एडिटला बघतो. मी मान हलवली. बघ म्हटलं.

ती पट्टी पंचगंगेत गेली नाही. मला माहितीच होतं.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. चॅनलला हसू एवढं आवडलं की आता मिष्का मरणार. मेली तरच ते हसू दर एपिसोडला आठवण म्हणून वाजवता येणार होतं. फक्त एक छोटी अडचण. एडिटरनं आठवडाभर झटून बघितलं, ते नाव निघत नाही. काढलं की हसू नकली वाटतं. म्हणून त्यांनी ठरवलंय की कॅरेक्टरचं नावच नलिनी करायचं.

"व्हिंटेज वाटतं," ती म्हणाली. "तुला चालेल ना?"

मी म्हणालो बघा बुवा, आता तुम्ही म्हणताय तर.

म्हणजे विचार करा. बाकीच्यांचं बरंचसं शूटिंग कोमाचं ठरायच्या आधीच, मिष्का मेली असं धरून, झालेलं होतं. पडद्यावर सगळ्या पोरांचे ओठ 'मिष्का' म्हणतायत आणि आवाज 'नलिनी' येतोय. एक पोरगा माझ्या हार घातलेल्या फोटोसमोर रडतो, तोंड मिष्काला उघडतं आणि नलिनीला बंद होतं. एवढी फालतू सिरीयल मी आयुष्यात बघितली नाही. तीन महिन्यांत बंद पडली. सौमित्रनं त्यावर लेख लिहिला, प्रेक्षक तयार नव्हते म्हणून. त्यात माझ्या कानाखालच्या थेंबाबद्दलपण होतं. पाट्यांमध्ये मात्र पहिल्या ओळीत नाव होतं, नलिनी, आणि पुढं माझं.

सिरीयल विसरली सगळ्यांनी. हसू राहिलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी गिरणीतच असतो, पट्टा बदलायला, झिजलेलं जातं टाकी लावून टाकवायला. परवा दुपारी सुहास मगदूम ज्वारी घेऊन आला. नाक अजून जरा डावीकडंच आहे. मला बघून तो पोत्याआड उभा राहिला. आईनं त्याची ज्वारी मापात ओतली, पट्ट्याच्या दांड्याला हात घातला, गिरण अजून सुरू व्हायची होती, आणि त्याच्या खिशात फोन वाजला.

माझं हसू. आत आईचं नाव. 'मी', हसू, 'नलिनी', हसू. त्या पिठाच्या खोलीत अगदी स्वच्छ.

सुहासचं तोंड पांढरं पडलं. तो एका हातानं नाक झाकत दुसऱ्या हातानं खिसा चाचपायला लागला. फोन काढला, बंद करायला बोट नेलं.

आईनं दांड्यावरचा हात काढला.

"उचलू नको," ती म्हणाली. "वाजू दे."